ताकातली माती

मैत्रिणींनो, आज सकाळी पुण्याहून आलेल्या लेकीनं माझ्या हातात शाम्पूची बाटली दिली. "आई, हा नैसर्गिक आहे. फेस फार येत नाही, पण केस मस्त साफ होतात."

मी चष्मा लावून बाटली वाचली. काळी माती आणि ताक!

ऐंशी सालाच्या सुमारास नाचणगावात माझी माय दर रविवारी वावरातली काळी माती चाळून गंजात, म्हणजे पातेल्यात, ताक घालून भिजवायची आणि माझं डोकं धुऊन द्यायची. शाळेत मुली नाक दाबायच्या. एका रविवारी मी चिडून तो गंज मोरीत पालथा केला. "मले फेसवालं पाहिजे!"

"फेसाचं काय करतं वं पोरी? केस त साफ होतेत ना," माय म्हणाली.

मी लपून कपड्याच्या पावडरीनं डोकं धुतलं. केसांची पार सुतळी झाली. मायनं आठवडाभर तेल चोळलं. पण माती पुन्हा कधी भिजवली नाही, स्वतःसाठीसुद्धा नाही.

माय आता नाही. आज मात्र मी लेकीला लगेच "छान आहे गं" म्हणाले.

मायचं खरं मानायला मला बाटलीवरचा कागद काऊन लागला, सांगा?