पुढील थांबा, रविवार कारंजा

बाकीच्या ऑफिसांत फायली साठतात, आमच्या ऑफिसात किस्से साठतात. काम तसंच आहे ना! शहरात वाहतुकीचं एखादं नवीन यंत्र बसतं. बसवणारे नारळ फोडून, पेढे खाऊन निघून जातात. मग आम्ही जायचं आणि बघायचं, की या यंत्रानं लोकांचं नेमकं काय झालं.

आम्ही म्हणजे तिघंच. आमचे प्रमुख बागूल सर. प्रत्येक गोष्टीमागे शास्त्रीय कारण असतं, असं मानणारे. दुसरी वैशाली, जिला कशाचीच भीती वाटत नाही. आणि तिसरी मी. मागून कोणी नुसती हाक मारली तरी माझ्या हातातला चहा सांडतो.

हे सगळं दोन हजार साल नुकतं उलटलं होतं तेव्हाचं. यंत्रांसारखे आम्हीही ट्रायलवरच होतो. स्टॉपची नावं बोलून दाखवणाऱ्या बसचा प्रयोग पास झाला तर आमचा तिघांचा हा सेल कायम, नाहीतर सगळे आपापल्या घरी. माझं घर विंचूरला. बाबांनी सांगूनच ठेवलं होतं, "कायम झालीस तर राहा नाशकात. नाहीतर बॅग भरून ये, दोन ठिकाणचे लोक बघायला यायचेत." त्यामुळे त्या बसकडे मी जीव मुठीत धरूनच बघायचे.

*

माझा पहिला सर्व्हे गंगापूर रोडच्या एका चौकात होता. तिथे उलटे आकडे मोजणारा सिग्नल नवीनच लागला होता. लाल दिव्याखाली आकडे कमी कमी होत जायचे आणि लोक मान वर करून भक्तिभावानं बघत उभे!

एका स्कूटरवाल्या काकांना मी भीत भीत विचारलं, "या आकड्यांचा तुम्हाला काही उपयोग होतो का?"

"होतो ना! पूर्वी नुसतं उभं राहायला कंटाळा यायचा. आता बघत बसतो."

एवढ्यात हिरवा लागला. काका अजून वरच बघत होते. मागच्या सगळ्या गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले. काका मजेत उभे, दचकून फुटपाथवर चढले ती मी!

चौकात एक हवालदारही हात हलवत उभे होते. वैशालीनं त्यांना विचारलं, "आता एवढा हुशार सिग्नल आलाय, मग तुम्ही कशाला?"

ते म्हणाले, "सिग्नल आहे, हे सांगायला कोणी नको का?"

*

मग आली गाड्या मोजणारी नळी. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकायची. चाक गेलं की दाब बसतो आणि डब्यात नोंद होते. मखमलाबादकडच्या रस्त्यावर ती टाकली आणि आकडे पाहून बागूल सरांचे डोळे चमकले.

"बघा! दुपारी दुचाकींची एकदम गर्दी, सगळ्या एकाच दिशेला. आणि संध्याकाळी तेवढ्याच परत! हा शिफ्टचा ट्रॅफिक आहे. इकडे कुठेतरी कारखाना निघालाय."

कारखाना शोधायला मला पाठवलं. मी झाडाखाली दुपारची वाट बघत बसले. जरा डोळा लागला असेल-नसेल, कानाशी मोठ्ठा सुस्कारा आला. वळून बघते तर म्हशीचं तोंड! तिच्यामागे अख्खा कळप, नळी तुडवत पाण्यावर निघालेला.

परत येऊन मी सरांना सांगितलं, "सर, शिफ्टच आहे. पण डुंबायची."

*

आता बोलणाऱ्या बसबद्दल. गंगापूर रोडवरून निमाणीला जाणारी एकच बस ट्रायलला होती. कंडक्टरनं बटण दाबलं की पुढच्या स्टॉपचं नाव ऐकू यायचं. आवाजासाठी बाहेरची बाई बोलवायला परवानगी नव्हती, म्हणून सरांनी मलाच माइकसमोर बसवलं.

सगळं छान चाललं होतं. मी म्हटलं, "पुढील थांबा, रविवार कारंजा..." आणि छतावरची पाल थेट कागदावर पडली.

"अगं बाई!"

नुसतं म्हटलं नाही, किंचाळले. सर म्हणाले, "काढून टाकतील ते." पण रेकॉर्डिंग करणाऱ्या कंपनीच्या माणसाला पुण्याची गाडी गाठायची होती. त्यानं आहे तसंच बसमधल्या डब्यात भरलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून रोज प्रत्येक फेरीला रविवार कारंजा आलं, की सगळ्या बसमध्ये माझी किंकाळी!

*

त्याच बसमध्ये प्रवाशांची मतं विचारायलाही मीच. आवाज माझा आहे हे सांगायचं नाही, असा सरांचा नियम. मत निःपक्षपाती हवं ना!

गंगापूरकडून रोज पहाटे उठून फुलं घेऊन येणाऱ्या हौसाबाई टोपली मांडीवर घेऊन पेंगत होत्या. मी विचारलं, "मावशी, या बसमधला आवाज कसा वाटतो?"

"बरी हाय पोरगी. पन लय भित्री. तिच्या घरी काय तरास हाय का गं?"

मी म्हटलं, "नाही, म्हणजे... तसं काही नसावं."

"मग लगीन ठरवत असतील," हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी परत डोळे मिटले.

कंडक्टर खैरनारकाका तिकीट फाडता फाडता इतके हसले, की सुट्टे परत द्यायचेच विसरले.

*

मंजुरी देणारे मोठे साहेब एकदा न सांगता त्या बसमधून जाऊन आले. आल्या आल्या बागूल सरांना बोलावून म्हणाले, "सार्वजनिक बसमध्ये बाई किंचाळते? ते आधी काढा. मग मी पुन्हा बसून बघतो आणि ठरवतो."

पुन्हा रेकॉर्डिंग झालं. या वेळी वैशाली झाडू घेऊन छताकडे बघत उभी. मी एका दमात, शांतपणे नावं म्हटली.

तपासणीच्या सकाळी साहेब पुढच्या सीटवर बसले. त्यांची गाडी रविवार कारंज्याला येऊन थांबणार होती. मी मागे दांडा घट्ट धरून उभी. गंगापूर नाका झाला, अशोक स्तंभ झाला. सगळं सुरळीत. साहेब सरांशी गप्पा मारत होते.

"पुढील थांबा, रविवार कारंजा."

काय गोड आवाज होता! मलाच खरं वाटेना.

बस थांबली. कोणी उठलंच नाही. हौसाबाई टोपली धरून पेंगत होत्या, पेपर वाचणारे पेपरात होते. खैरनारकाकांनी इकडेतिकडे बघितलं आणि घंटी मारली. बस निघाली ती थेट गोदावरीच्या पुलावर.

हौसाबाईंनी डोळे उघडून खिडकीबाहेर बघितलं. "अरे द्येवा! ही तर गंगा आली!"

आणि सगळी बस उठून उभी राहिली! "थांबवा!" "अहो, आमचं कारंजं गेलं!"

खैरनारकाका ओरडले, "अहो, सांगितलं की यंत्रानं!"

"यंत्रानं सांगितलं वो," हौसाबाई कडाडल्या, "बाई कुठं वरडली? आमाला कळनार कसं?"

बागूल सर खाली बघत शास्त्रीय कारण शोधत होते. मी डोळे गच्च मिटले. समोर विंचूरचं घर, पोह्यांच्या बशा आणि रांगेत बसलेले पाहुणे.

डोळे उघडले तर साहेब दांड्यांना धरत धरत माझ्यापर्यंत आले होते. त्यांनी मागे, पुलाच्या पलीकडे राहिलेल्या कारंज्याकडे एकदा बघितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी गाडी तिकडे उभी आहे. तुम्ही आज ओरडला का नाहीत?"