कारण विचारणारे सर

मयत झालेल्या घरात शिरले की सर आधी पाणी मागायचे. "वहिनी, घोटभर पाणी द्या. मग बोलू." खुर्ची पुढे केली तरी जमिनीवरच बसायचे. माणूस गेलेल्या घरातल्या बाईला उठायला काहीतरी निमित्त लागतं, असं ते मला एकदा म्हणाले होते.

मी बेटेगावच्या बाजूची आशा कार्यकर्ती. राज्यात माणसं कशानं मरतात, याची आकडेवारी करण्यासाठी काही गावं निवडलेली असतात. तिथे कुणी गेलं की काही महिन्यांनी घरी जाऊन विचारायचं: ताप होता का, धाप लागायची का, शेवटी काय झालं. ते सगळं लिहून वर पाठवायचं. वरचे डॉक्टर ते वाचून कारण ठरवतात. विचारायचं काम या सरांचं, घरं दाखवायचं माझं.

पन्नाशी उलटलेला बारीक माणूस, कंत्राटावर नेमलेला, पालघरला खोली घेऊन एकटा राहणारा. कुत्र्यांना फार भ्यायचे. पाड्यावर कुत्रं भुंकलं की माझ्या मागे सरकायचे. "ताई, तुम्ही पुढे व्हा. मीच मेलो तर माझा फॉर्म कोण भरणार?"

कधी दमले की म्हणायचे, "राज्यात कर किती जमला ते महिन्याच्या महिन्याला छापून येतं. माणसं कशानं गेली ते कळायला वर्षं जातात. मेलेला माणूस कर भरत नाही ना, ताई."

पण कामात कडक. आपण फक्त विचारायचं. सल्ला नाही, औषध नाही, कुणाला दोष नाही. एका म्हातारीला मी मिसरी सोडायला सांगितलं, तर बाहेर आल्यावर मला चांगलंच सुनावलं.

तुम्हाला सांगायचंय ते एका उन्हाळ्यातलं. डोंगराकडच्या एका पाड्यावर एक म्हातारा वारला होता, त्याच्या घरी आम्ही गेलो. विहीर आटलेली, टँकर कधीतरी यायचा. सुनेनं दाराजवळच्या निळ्या ड्रममधून पाणी काढून दिलं. सरांनी घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. मग अंगणात जाऊन थुंकले.

"वहिनी, हा ड्रम कुठला?"

"दिरानं आनला बोईसरवरून. केमिकलच्या कंपनीतला हाय. घासून घासून धुतला."

"म्हातारबाबा आजारी पडायच्या आधी आणला, की नंतर?"

ती आठवत राहिली. "आदीच."

तेवढ्यात आतून ओकारीचा आवाज आला. तिची लहान मुलगी गोधडीवर पडली होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. "कालपासून आसंच करते," बाई म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, ड्रमला दोन्ही हात लावले आणि तो आडवा केला. सगळं पाणी अंगणात वाहून गेलं. कोंबड्या ओरडत पळाल्या.

दीर मागच्या बाजूला लाकडं फोडत होता. धावत आला तो हातात कोयता तसाच. त्यानं सरांची कॉलर धरली, शर्ट टरकन फाटला. "पानी सांडलं? टँकर कदी येल ते म्हाईत नाय! आमी प्यायाचं काय?" शेजारची माणसं जमली. "कोन हाय यो?" कुणीतरी ओरडलं.

कुत्र्याला भिणारा तो माणूस जागचा हलला नाही. "पाणी ही ताई आणून देईल. तोवर मला इथे बसवून ठेवा, जाऊ देऊ नका. पण पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

दिरानं कॉलर सोडली नाही. शेवटी बाईनंच पोरीला उचललं आणि रस्त्याकडे चालू लागली. मी तिच्या मागे. वळून बघायची मला हिंमत झाली नाही.

पोरीला सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर चालला नसता. सरपंचांच्या मागे लागून मी टेम्पोतून पाण्याचे कॅन घेऊन परत गेले, तेव्हा ऊन उतरलं होतं. सर फाटक्या शर्टात अंगणात बसले होते, समोर दीर. कोयता बाजूला पडलेला. म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांचे सगळे प्रश्न त्यांनी दिराला विचारून संपवले होते. दीर रडत होता.

आपण काय केलं ते सरांनी स्वतःच शेऱ्यात लिहून पाठवलं. मुदत संपल्यावर त्यांना पुढचं काम मिळालं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही.

ते गावी निघाले त्या दिवशी मी पालघरच्या एसटी स्टँडवर गेले. खिडकीशी बसले होते. "थोडं पाणी बाटलीत भरून ठेवायला हवं होतं, ताई," ते म्हणाले. "तपासता आलं असतं. सगळंच सांडून टाकलं मी. आता वरचे लोक लिहितील, कारण अस्पष्ट."

गाडी हलली, तेव्हा मी बाजूनं पळत ओरडले, "सर, पोरगी अंगणवाडीत जायला लागली!"

इंजिनाचा आवाज मोठा होता. त्यांनी हात हलवला, तसा तो सगळेच हलवतात. ऐकू गेलं की नाही, मला अजून माहीत नाही.