गोळ्या टाकल्यावरचा पहिला तास

शटर खाली ओढून मी फटींवर टेप मारत होतो, तेवढ्यात अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"बुवा, आत कुठला जीव न्हाई न्हवं? थप्प्यांच्या मागं बघितलास?"

"बघितलं, अण्णा."

बघितलं नव्हतं. पोत्यांची शेवटची थप्पी भिंतीला चिकटून होती. मागं शिरायला अंग चोरावं लागलं असतं, आणि त्याच दिवशी मला अजून एक गोडाऊन करायचं होतं.

माझं काम फ्युमिगेशनचं. हळदीला कीड लागली की आत विषारी गॅसच्या गोळ्या टाकून गोडाऊन बंद करायचं आणि पाच दिवस उघडायचं नाही. अण्णा सांगलीतले जैन व्यापारी. किडे मारावे लागतात याचंच त्यांना वाईट वाटायचं, म्हणून बाकीच्या जिवांना ते फार जपायचे. मी हिंगोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला, गळ्यात तुळशीची माळ. "माळकरी मानूस खोटं बोलत न्हाई," म्हणून अण्णा माझ्याशिवाय दुसरा ऑपरेटर घेत नसत. माझा दुपारचा डबा त्यांच्या घरून यायचा. परक्या गावात एवढं कोण करतं?

अण्णा जेवायला घरी गेले आणि एक मांजरी शटरपाशी आली. पंजानं टेप ओरबाडायची, माझ्याकडं बघून ओरडायची. दुधानं पोट लोंबत होतं.

हमालांचे मुकादम बापू म्हणाले, "हिची पिल्लं आत हायत गड्या. उघड."

गोळ्या टाकल्या की लगेच गॅस होत नाही. हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू सुटतो. पहिला तास हातात असतो. मास्कही जवळ होता. मी आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"गोळ्या टाकल्यास?"

"सगळ्या टाकल्या, सर."

"मग उघडायचं नाही. वाया गेल्या तर घरून आणणार आहेस? आणि आधी चेक केलं होतंस ना?"

"केलं होतं, सर."

"मग मांजर उगाच ओरडतंय. पुढच्या साइटवर जा."

अण्णांना फोन केला असता तर त्यांनी हातातला घास टाकून शटर उघडायला लावलं असतं. म्हणूनच केला नाही.

"वासानं ओरडतीय ती," मी बापूंना म्हणालो.

"वास अजून आलाय कुठं?"

मी सामान उचलून पुढच्या साइटवर गेलो.

पाच दिवसांनी शेवटच्या थप्पीमागं तीन पिल्लं सापडली. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू तर बघितलं हुतंस. तुज्या नजरंला आली न्हाईत, त्याला तू काय करणार? गोडाऊन माजं, पाप माजं."

अण्णांनी तीन दिवस उपास धरला, एकेका पिल्लाचा एक. वय सत्तरीच्या पुढं. मी शेजारच्याच गोडाऊनवर होतो. डबा तिन्ही दिवस आला, गरम भाकरीचा. पहिल्या दिवशी मी तो उघडून नुसताच बसलो.

"जेव की, बुवा," बापू म्हणाले.

मी जेवलो. तिन्ही दिवस जेवलो.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. काम जाईल ही भीती तेव्हा होती, आजही आहे. पण ते दुसऱ्यांना माझं नाव सुचवतात, तेव्हा त्यांच्याकडं बघवत नाही.

आता थप्पी भिंतीला लागून असेल तर आधी ती हमालांकडून ओढून घेतो, मागं शिरून टॉर्च मारतो, मगच गोळ्यांचा डबा उघडतो. जास्तीची वीस मिनिटं लागतात. त्या दिवशीही तेवढीच लागली असती.