सुधाकरच्या चिठ्ठीवर काय होतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुला सांगतोय, कारण तू आमच्या जानेफळचा नाहीस, सुधाकरला ओळखत नाहीस. मध्ये बोलू नको, नाहीतर मी पुन्हा गप्प बसेन.

आम्ही अकरा जण गाडीवेडे. कोणी मास्तर, कोणी भाजीपाला पिकवणारा, माझं पंप-पाइपचं दुकान. दर वर्षी दिवाळी झाली की एका रविवारी सुधाकरच्या मळ्यात, टिनाच्या शेडखाली जमायचं आणि वर्षभरात आलेल्या नव्या गाड्यांना मतं द्यायची. लहान गाडी, सेडान, घरच्यांसाठीची, दणकट, असा प्रत्येक वर्गात एक नंबर काढायचा. हसतोस? हस. पण आसपासच्या गावांतले लोक आम्हाला विचारून गाडी घेतात. आणि नियम कडक — जी गाडी स्वतः चालवली नाही, तिच्या वर्गात मत नाही. खामगाव-बुलढाण्याच्या शोरूममधले सेल्समन आम्हाला लांबून पाहूनच चावी लपवतात.

पहिल्या वर्षी हात वर करून मतं घेतली, तर दोघांची अशी जुंपली की वर्षभर बोलणं बंद. तेव्हापासून चिठ्ठ्या. चिवड्याच्या डब्यात टाकायच्या, एकानं फक्त गाडीचं नाव मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं टिनावर खडूनं रेघ मारायची, आणि वाचून झालेली चिठ्ठी लगेच चुलीत. त्याच चुलीवर चहा. फेरमोजणी नाही. वाचणारा पहिल्यापासून मीच. मीच काऊन? तर सुधाकर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुह्या पोटात पाप नाही बे, तूच वाच."

सुधाकर माझा शाळेपासूनचा दोस्त. वांगी-टमाटे पिकवतो. घरी त्याची माय, आमची काकी. तिच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरनं सांगितलं होतं, दर पंधरा दिवसांनी अकोल्याला आणा, व्यायाम करवून घेऊ, बाई चालायला लागेल. एसटीत ती बसू शकत नव्हती. म्हणून सुधाकर गाडी घेणार होता. आमच्या निकालाची वाट पाहत थांबला होता.

त्या वर्षी घरच्यांसाठीच्या वर्गात दोन गाड्यांची चुरस होती. नावं घेत नाही. एक उंच, रस्त्यावर उभी राहिली की माना वळायच्या. दुसरी साधी. पण साधीत मागं बसलं की पाठ आपोआप टेकायची. उंच गाडीत चढायला पाय वर ओढावा लागायचा आणि मागची सीट कडक, ताठ. हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

पण — आता बघ, मनातल्या मनात सांगतानाही इथं येऊन मी दर वेळी अडतो.

पण मी उंच गाडी बुक करून बसलो होतो. आठवडाभर आधी, कोणाला न सांगता. निकाल लागला की सांगणार होतो, पाहा, मी आधीच ओळखलं होतं. आणि ती हरली असती तर? चहा पिता पिता सगळ्यांनी माझी फिरकी घेतली असती. बस. एवढीच भीती. ह्याच्याहून मोठं कारण तुला द्यायला माझ्याकडे नाही.

दहा चिठ्ठ्या वाचल्या. टिनावर पाच रेघा, पाच रेघा. अकरावी उघडली. अक्षर सुधाकरचं, वाकडं. साध्या गाडीचं नाव, आणि खाली बारीक लिहिलेलं — मायले मांग बसाले बरी.

मी उंच गाडीचं नाव वाचलं.

आवाज हलला नाही माझा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चुलीकडे हात नेला, पण चिठ्ठी मुठीतच राहिली. अजून माझ्या पाकिटात आहे.

मग सुधाकर कप घेऊन माझ्याजवळ आला. म्हणाला, "मले तं दुसरी बरी वाटली होती. पण एवढ्या लोकाईचं डोकं माह्यापेक्षा चांगलंच असन. तू काय म्हंतं?"

मी म्हणालो, "बिनधास्त घे."

महिन्याभरात त्यानं घेतली. अकोल्याच्या वाटेवर काकीला बाळापूरच्या अलीकडे दर वेळी उतरवावं लागायचं. दाराला धरून ती उभी राहायची, मग पुन्हा चढायची. खाली गोधडीची घडी घालून पाहिली. एकदा मी सोबत होतो. चढताना तिनं माझा हात धरला, नखं रुतली इतका घट्ट, आणि वर मलाच म्हणाली, "गाडी चांगली हाये बाप्पा, माहीच कंबर खराब."

चार-पाच महिन्यांत ती म्हणाली, मले अकोल्याले नेऊ नको. आता खाटेपासून दारापर्यंत भिंत धरून येते. दुसरी गाडी असती तर चालली असती का, कोण सांगणार — हे वाक्य मी स्वतःला फार वेळा ऐकवलंय. तू ते मनावर घेऊ नको.

आणि माझी गाडी? बायको मागं बसायला तयार होईना, म्हणून वर्षाच्या आत बदलून टाकली. सुधाकरला म्हणालो, तूही बदल. तर म्हणतो, "आपल्या मंडळीनं निवडलेली हाये, दोष कसा असन?"

यंदाही जमलो. डबा माझ्याच पुढ्यात आला. घरच्यांसाठीच्या वर्गात एक चिठ्ठी उघडली, तेच वाकडं अक्षर. गाडीचं नाव नव्हतं. लिहिलं होतं — सगळे म्हणतीन ते.

खडू हातात धरून मास्तर थांबले होते. मी म्हणालो, "बाद." आणि चिठ्ठी चुलीत टाकली.

त्याच चुलीवर चहा झाला. पहिला कप सुधाकरनं मला आणून दिला. मी प्यालो.