दत्तूदादाची तालीम

परवा सकाळी नळदुर्गच्या स्टँडवर आमच्या पणतूला निरोप दिला. फौजेच्या ट्रेनिंगला निघाला पठ्ठ्या. गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली तरी त्याची आई हात हलवतच होती…

घरी आल्यावर माझा नातू, म्हणजे त्या पोराचा बाप, मला म्हणाला की आजी, तू काळजी करू नको, तिथं नुसता व्यायाम असतो. मी त्याच्या हाताकडं बघितलं… आणि एकदम ऐंशी वर्षं मागं गेले.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव इथून दोन कोसांवर, मी आठ-नऊ वर्षांची. तिकडं दुसऱ्या महायुद्धाची मोठी लढाई पेटलेली आणि माझा एकुलता एक भाऊ, दत्तूदादा, घरात कुणाला न सांगता सोलापूरला जाऊन भरती झाला. सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिथून त्याला बेळगावच्या छावणीत धाडलं.

आमचे वडील, आबा, जुने पैलवान. दोन्ही कान मोडलेले, सुजून गोळा झालेले. दादानं तालमीत उतरावं म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं होतं, पण हा मातीला शिवला नाही. आणि गेला कुठं, तर फौजेत! आबांनी त्याचं नावच टाकलं.

आई बोलायची सगळ्यांशी, पण जेवायची नाही. अर्धी भाकरी मोडायची, एक घास खायची आणि ताट सारायची. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. आबा समोर बसून बघायचे आणि तेही तसेच उठायचे.

मग दादाचं कार्ड आलं… उर्दूत. आमच्याकडं तेव्हा घर मराठी आणि शाळा उर्दू, त्यामुळं लिहायचं म्हटलं की उर्दूच हाताला यायची. शेजारचे रहीमचाचा शिवणकाम करायचे. ते ओसरीवर बसून कार्ड वाचत होते आणि आईला मराठीत सांगत होते. तब्येत ठीक आहे, थंडी फार आहे, सकाळ-संध्याकाळ तालीम चालू आहे…

आता उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. दादाला म्हणायचं होतं ट्रेनिंग, बंदुकीचं. चाचांनी शब्द तसाच ठेवला आणि आईला आपल्या गावची तालीम आठवली, कुस्तीची!

तिनं विचारलं, "म्हंजी बंदूक न्हाय? कुस्ती खेळतोय?"

चाचा गडबडले, आबांकडं बघायला लागले. मी शाळेत उर्दू शिकत होते, मला अर्थ माहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी डोळे वटारले. मग मोडका कान चोळत म्हणाले, "व्हय. पैलवानकीच करतोय."

आईनं चाचांना विचारलं, सरकार पैलवानाला दूध देतं का? चाचांनीही ठोकून दिलं, शेर शेर देतं म्हणून. (पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला खोटं बोलायला लावलं, असं ते आबांना पुढं कितीतरी दिवस सुनावत होते.) त्या दुपारी आईनं अख्खी भाकरी खाल्ली. वर ठेचा मागून घेतला. मग आबाही नीट जेवले.

चारच दिवसांत तिनं डिंकाचे लाडू वळून छावणीच्या पत्त्यावर धाडले. आल्यागेल्याला सांगायची, इथं मातीला पाय लावत नव्हता आणि तिकडं बघा! आबा मान डोलवायचे, कान चोळायचे. मला मात्र हसू दाबता दाबता नाकीनऊ यायचे.

काही महिन्यांनी दुसरं कार्ड आलं. चाचा वाचता वाचता अडखळले… तालीम संपली, आता पुढं जायचं आहे, लवकर पत्र आलं नाही तर घाबरू नका.

आई म्हणाली, "संपली? मग आता घरीच येईल की!" आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आबांचा हात कानाला गेला. सुगीपर्यंत येईल, असं काहीतरी बोलून ते उठले.

थोड्या वेळानं मी त्यांना शोधत गावच्या तालमीत गेले. आबा एकटेच कुस्तीच्या हौद्यातली माती खणत होते. खणायची काही गरज नव्हती… आबा रडत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत फिरले.

पुढं पत्रं बंद झाली. दोन सुग्या गेल्या. आई जेवत राहिली, आबा कान चोळत राहिले. लढाई संपल्यावर एका दुपारी दादा दारात उभा राहिला. काळाठिक्कर पडलेला, एका पायानं किंचित लंगडत, पण आला.

आईनं त्याचं तोंड ओंजळीत धरलं. मग हात मागं नेऊन त्याचे दोन्ही कान चाचपले. सरळ, जन्मले तेव्हा होते तसे. तिनं वळून आबांकडं बघितलं. आबांचा हात निघालाच होता…

"ऱ्हाऊ द्या, हात खाली घ्या," आई म्हणाली. "खोटं बोलताना तुमी कान चोळता. मला पयल्या दिशीच कळलं हुतं."

आबा म्हणाले, "मग जेवत कशी हुतीस?"

"माझ्या एका भाकरीपायी एवढं खोटं बोललात. ती टाकायची कशी?"

आबा हात खाली घेऊन ओसरीवर बसले. दादाला काहीच कळेना, तो तिघांकडं आळीपाळीनं बघत होता. आणि मला तो गुळाचा खडा आठवला. आईला सगळं कळत असताना तिनं तो माझ्या हातावर ठेवला होता…

दादा, आबा, आई, चाचा… आता कुणीच नाही. आमच्या घरातल्या पुरुषांचे कानही आता मोडलेले नाहीत, पण खोड तीच राहिली. परवा "तिथं नुसता व्यायाम असतो" म्हणताना माझ्या नातवाचा हात कानावरच होता.

मी म्हटलं, बरं बाबा. नातसुनेला शेजारी बसवून घेतलं… आणि दोघींनी अख्खी भाकरी खाल्ली.