अस्सल कॅसेट

घुग्घुसला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी चाचांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात त्यांनी मागच्या खोलीत दोन व्हिडिओ गेम लावले. शाळा सुटली की पोरांची तिथं झुंबड उडायची. मुलींना कोणी आत शिरू देत नसे, म्हणून चाचांनी रविवारची सकाळ आमच्यासाठी राखून ठेवली आणि दारात स्वतः खुर्ची टाकून बसू लागले. माझे वडील खाणीत कामाला. मला एकटीला कुठंच पाठवायचे नाहीत, पण चाचांकडे जा म्हणायचे. "माणूस सरळ आहे," एवढंच त्यांचं कारण.

घुग्घुसची कोळशाची काळी धूळ सगळ्यात शिरते, तशी ती गेमच्या कॅसेटमध्येही शिरायची. चाचा कॅसेट खोलून आतल्या पट्टीवरून पेट्रोलचा बोळा फिरवत आणि परत बंद करत. तरी एकेक कॅसेट मरत गेली. पुढे तसल्या कॅसेट बाजारात मिळेनाशा झाल्या.

मी नागपूरला कायदा शिकले आणि चंद्रपूरच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसू लागले. वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका सकाळी चाचा ऑफिसात आले. हातात पोलिसांचे कागद होते.

"बेटी, ते लोक मले चोर म्हणून राह्यले," ते म्हणाले.

झालं होतं असं. दुकानात आता तीन कॉम्प्युटर होते. त्यांच्या भाच्यानं नागपुरातून एक सीडी आणली होती. तिच्यात एम्युलेटर होता, म्हणजे जुन्या गेमच्या यंत्राचं काम कॉम्प्युटरकडून करून घेणारा प्रोग्राम, आणि सोबत तेच सगळे जुने गेम. मेलेले गेम पुन्हा चालू झाले म्हणून चाचा खूश होते. मग एका कंपनीच्या माणसानं तक्रार दिली, पोलीस आले आणि कॉम्प्युटर उचलून घेऊन गेले. कॉपीराइटचा गुन्हा लागला.

"त्या कॅसेट मी दुकानातून इकत घेतल्या ना जी," चाचा म्हणाले. "अजून पेटीत आहेत. माझीच वस्तू मी दुसऱ्या मशीनवर चालवली. यात चोरी कुठी आली?"

आमचे वकीलसाहेब म्हणाले, "गुन्हा कबूल करून मोकळं कर त्यांना. वय झालंय, पहिलीच वेळ आहे. जज समजून घेतील."

मला ते पटलं नाही. मी कायदा काढून बसले. नुसता एम्युलेटर ठेवणं गुन्हा आहे, असं मला कुठं सापडलं नाही. उलट, ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीररीत्या आलेला आहे, त्याला तो खराब होण्याच्या भीतीनं प्रत काढून ठेवता येते, अशी तरतूद होती. प्रत चाचांनी स्वतः काढलेली नव्हती आणि तिच्यावर धंदा चालत होता, त्यामुळे माझा मुद्दा लंगडा होता. पण कॅसेट दाखवल्या तर माणूस खरा आहे हे तरी दिसेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर असा मुद्दा चंद्रपुरात पहिल्यांदा मी मांडणार, याचीही हौस होती.

"चाचा, ती पेटी कोर्टात आणा," मी सांगितलं.

त्यांनी आणली. कॅसेट पुसून, एकेक कागदात गुंडाळून आणल्या होत्या. मी त्या टेबलावर मांडल्या आणि बोलायला लागले. कंपनीचा माणूस शांतपणे ऐकत होता. मग त्यानं जजसाहेबांची परवानगी घेतली आणि एक कॅसेट उघडली. आत हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक काळा गोळा होता. त्यानं आपल्या बॅगेतून दुसरी कॅसेट काढून उघडली. तिच्यात चौकोनी चिप होती, तिच्यावर बारीक अक्षरं होती आणि सोल्डरचे सगळे टाके एका रांगेत होते.

"ही अस्सल," तो म्हणाला. "यांच्या सगळ्या नकली आहेत."

चाचा उठून टेबलाजवळ गेले. "मी तर शंभरदा खोलल्या असतील," ते हळूच म्हणाले. "सगळ्याइत असाच काळा गोळा राहे. मले वाटलं, असंच राहते."

त्यांनी ती अस्सल कॅसेट हातात घेतली, चष्मा वर सरकवून उजेडाकडे धरली. कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम पाहतो तसे पाहत राहिले. "कित्ती साफ काम आहे," ते म्हणाले. तशी कॅसेट आमच्यापैकी कोणीच कधी पाहिली नव्हती. नागपूरपासून चामोर्शीच्या बाजारापर्यंत जे विकलं जायचं ते काळ्या गोळ्याचंच होतं.

मी कागद मिटून खाली बसले. चाचांनीच जजसाहेबांकडे वळून हात जोडले. "साहेब, गुन्हा कबूल आहे. मले माहीत नव्हतं, पण माल चोरीचाच निघाला."

जजसाहेबांनी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांना सोडलं. कॅसेट आणि कॉम्प्युटरमधला सगळा माल नष्ट करण्याचा हुकूम झाला. पायऱ्या उतरताना मी डोळे पुसत म्हणाले, "चाचा, माझं चुकलं. पेटी आणायला सांगायला नको होतं."

"नाई बेटी. तू काऊन रडतं?" ते म्हणाले. "इतके वर्ष मी लेकरांले काय देऊन राह्यलो होतो, ते तरी समजलं."

त्यानंतर ते दुकानात बसेनात. भाच्यानं तिथं मोबाईल रिचार्ज सुरू केलं. वर्षभरानं भाच्याचा निकाह ठरला, तेव्हा मला बोलावणं आलं. निकाहाला दोन सचोटीचे गवाह, म्हणजे साक्षीदार, लागतात, आणि मोहल्ल्यातल्या कितीतरी निकाहांना चाचाच गवाह राहिले होते. त्या दिवशी काझींनी त्यांचं नाव घेतलं, तर ते जागचे उठले नाहीत.

"माझं नाव कोर्टात लागलं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाले घ्या."

काझींनी समजावलं, भाच्यानं पाय धरले. चाचा मान हलवत राहिले. शेवटी शेजारच्या शिंप्यानं सही केली. मी बायकांच्या बाजूला बसले होते. चाची माझ्या कानाशी म्हणाल्या, "घरात बी असेच करते आता. कोणी काही इचारलं का म्हणते, मले काय समजते?"

मी जेवून निघाले. चाचा मंडपाच्या दारापर्यंत पोचवायला आले, बस मिळेल ना म्हणून विचारलं. तीच शेवटची भेट. ते गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं, कोर्टात तारखेला आलेल्या घुग्घुसच्या एका माणसाकडून.