पटाचे बैल तिफणीला

पंच्याण्णवच्या सुमारास साखऱ्याच्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्या एका अनोळखी धुरकऱ्याचा पाय मोडला. बैल बुजला, असंच सगळे म्हणाले. खरं आज लिहितो. आमच्या गावची जोडी जिंकावी म्हणून मीच कडेला उपरणं फडकावलं होतं.

मृग लागला तरी तो बाजेवरच होता. आधीच्या पटांत त्याच्याशी हरलेले धुरकरी पटाचे बैल घेऊन त्याच्या शेतात पेरणीला आले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो. त्या बैलांनी तिफण कधी पाहिली नव्हती. ते पळतच सुटले.

बांधावरच्या बाजेवरून तो ओरडला, "दमानं लेकहो, इथं झेंडी न्हाई!"

मी जवळ जाऊन सगळं सांगितलं.

पायावरची माशी हाकलत तो म्हणाला, "म्या पाहिलं व्हतं तुमाला. इतके दिवस काहून आले न्हाई?"

मग उशाची बियाण्याची पिशवी त्यानं माझ्या हातात दिली.